नव्या मालिकेचा पहिला पगार : निर्देशांकाचे पायाभूत वर्ष बदलल्यावर महागाई भत्त्याचे काय झाले

पार्श्वभूमी

यंत्रांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. कायम कामगार सहाशेच्या आसपास, मान्यताप्राप्त संघटना एकच, वेतनकरार दर तीन वर्षांनी. ओळख पटू नये म्हणून ठिकाण आणि काही आकडे बदलले आहेत, पण आकड्यांमधले नाते होते तसेच ठेवले आहे. आकडेमोड तपासायला व्यवस्थापन आणि संघटना दोघांनी मिळून मला बोलावले होते. निर्णयाचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

करारातले महागाई भत्त्याचे कलम चार ओळींचे होते. मागच्या तिमाहीच्या तीन महिन्यांच्या ग्राहक किंमत निर्देशांकांची सरासरी काढायची, ती पूर्णांकात आणायची, त्यातून २८० वजा करायचे आणि उरलेल्या प्रत्येक अंकाला ठरलेल्या दराने भत्ता द्यायचा. करार झाला त्या वेळी निर्देशांक २८० होता. कलम इतके सोपे की आकडा जाहीर झाला की लोक जेवणाच्या सुट्टीतच तोंडी हिशेब करायचे. "३१७ म्हणजे ३७ अंक."

पगार किमतींशी बांधण्याची कल्पना जुनी आहे. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपल्या सैनिकांना थकलेल्या पगारापोटी रोखे दिले, तेव्हा त्यांची रक्कम मका, गोमांस, लोकर आणि चामडे यांच्या ठरावीक मापांच्या एकूण किमतीशी बांधली होती. आजचा निर्देशांक मुळात हेच करतो, फक्त टोपलीत चारऐवजी शेकडो वस्तू आणि सेवा असतात. टोपली ठरवायची, एका ठरावीक वर्षाची, म्हणजे पायाभूत वर्षाची, तिची किंमत १०० धरायची आणि आजची किंमत त्या मापात सांगायची. १८७१ मध्ये एटिएन लास्पेरेस या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने ही रीत सूत्रात मांडली, आणि बहुतेक देशांचे निर्देशांक आजही तिच्याच जवळपासच्या रूपात काढले जातात.

अडचण

महिन्याच्या सात तारखेला पहिल्या पाळीचा एक कामगार टाइम ऑफिसच्या खिडकीशी पगाराची स्लिप घेऊन उभा राहिला. मूळ वेतन बरोबर, घरभाडे बरोबर, महागाई भत्त्यासमोर शून्य. खिडकीतल्या बाईंनी आधी त्याची हजेरी तपासली, मग त्याच्या मागच्या माणसाची स्लिप घेतली. तिथेही शून्य. पंधरा मिनिटांत रांग पार सायकल स्टँडपर्यंत गेली.

झाले होते ते असे. सांख्यिकी कार्यालयाने जुनी मालिका बंद करून नव्या पायाभूत वर्षाची मालिका सुरू केली होती. जुन्या मालिकेचा शेवटच्या तिमाहीचा सरासरी आकडा ३१७ होता. नव्या मालिकेचे पहिल्या तिमाहीचे आकडे १२०.०, १२०.७ आणि १२१.१ असे आले, म्हणजे सरासरी १२०.६. पगाराच्या संगणक प्रणालीने हे आकडे आपोआप उचलले. कलमाप्रमाणे सरासरीचे १२१ करून त्यातून २८० वजा केले, उत्तर आले उणे १५९. भत्ता ऋण होऊ नये म्हणून पूर्वी कोणीतरी घातलेल्या अटीने त्या जागी शून्य लिहिले. ती अट नसती तर स्लिपवर उणे रक्कम दिसली असती आणि पगार वाटण्याआधीच कोणीतरी थांबवले असते. सावधगिरीसाठी घातलेल्या अटीनेच चूक झाकली, ही गोष्ट मला आजही बोचते.

मालिका बदलणार असल्याचे सांख्यिकी कार्यालयाने बरेच महिने आधी जाहीर केले होते. दोन मालिका जोडण्याचा गुणक, ज्याला सगळे लिंकिंग फॅक्टर म्हणतात, तोही प्रसिद्ध झाला होता : २.६४. कारखान्यात हे परिपत्रक ना व्यवस्थापनाने वाचले होते, ना संघटनेने.

पहिला निर्णय : आधी पैसे, मग वाद

त्याच दुपारी मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनी बैठक बोलावली. त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे म्हणणे होते की खरी रक्कम ठरेपर्यंत काही देऊ नये, कारण जास्त गेले तर परत घेणे अवघड. संघटनेच्या सरचिटणीसांनी मागच्या तिमाहीचा ३७ अंकांचा भत्ता उचल म्हणून द्यायची मागणी केली. दुसऱ्या दिवशी तशी उचल दिली गेली आणि पुढच्या हिशेबात ती वळती होईल असे दोघांच्या सहीने फळ्यावर लागले.

सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मी हाच मानतो. पुढे तीन आठवडे चर्चा चालली, ती भरल्या घरच्या माणसांनी केली म्हणून शेवटाला गेली.

३१७ चे १२० कसे झाले

संघटनेच्या प्रतिनिधींचा पहिला प्रश्न सरळ होता. एका कामगाराने उभे राहून विचारले, "साहेब, महागाई एका महिन्यात तिपटीने कमी झाली का?"

झाली नव्हती. निर्देशांकाचा आकडा फक्त पायाभूत वर्षाच्या तुलनेत काहीतरी सांगतो. जुन्या मालिकेत जे वर्ष १०० धरले होते ते बरेच मागचे होते, म्हणून आकडा चढत चढत ३१७ ला गेला होता. नव्या मालिकेत अलीकडचे वर्ष १०० धरले, म्हणून आकडा १२० च्या आसपास आला. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजली काय आणि पायथ्याच्या गावापासून मोजली काय, डोंगर तेवढाच राहतो.

इथे आणखी एक गाठ सोडवावी लागली. पायाभूत वर्ष बदलणे आणि टोपलीतले भार बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त अनेक देशांत त्या एकाच वेळी होतात. अमेरिकेचा मुख्य निर्देशांक आजही १९८२-८४ = १०० या मापात जाहीर होतो, पण त्यातले भार जानेवारी २०२३ पासून दरवर्षी बदलतात, त्याआधी दोन वर्षांनी बदलायचे. माप तेच ठेवून आतली टोपली बदलत राहते. आमच्या प्रकरणात माप आणि टोपली दोन्ही एकदम बदलले आणि लोकांच्या मनात त्यांचा गुंता झाला.

भार म्हणजे कुटुंबांच्या एकूण खर्चात त्या गटाचा वाटा. तो कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून काढतात. जुन्या मालिकेत एका मोठ्या गटाचा भार शेकडा ४५ होता आणि नव्या मालिकेत तो ३९ झाला असे समजा. त्या गटाच्या किमती वर्षात ८ टक्क्यांनी वाढल्या, बाकी सगळ्याच्या ३ टक्क्यांनी. जुन्या भाराने एकूण वाढ ५.२५ टक्के येते, नव्या भाराने ४.९५. किमती त्याच, दुकाने तीच, उत्तर वेगळे. जुने भार अनेक वर्षे तसेच ठेवले तर लोक आता जे फारसे घेत नाहीत त्याचीच महागाई मोजत राहण्याचा धोका असतो. नवे भार घेतले तर खालच्या पगाराच्या माणसाला वाटते की आपला खर्च सरासरीसारखा नाही, आणि पुष्कळदा ते खरेच असते. एकूण खर्चातून भार काढताना जास्त खर्च करणाऱ्या कुटुंबाचा आवाज मोठा होतो. हा आक्षेप मी बैठकीत मान्य केला. पण तो निर्देशांक कोणता निवडावा याबद्दलचा आहे, करारात लिहिलेला निर्देशांक कसा जोडावा याबद्दलचा नाही. त्याची नोंद पुढच्या करारासाठी वेगळी ठेवली.

अगदी खालच्या पातळीवर, एकाच वस्तूच्या अनेक ठिकाणच्या किमती एकत्र करतानाही सूत्राने फरक पडतो. एका ठिकाणी किंमत दुप्पट झाली आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मी. बदलांची साधी सरासरी काढली तर १२५ येते, गुणोत्तर सरासरी, म्हणजे दोन्ही बदलांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, काढली तर १००. ब्रिटनमध्ये जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकात साधी सरासरी वापरली जाते, आणि मुख्यतः याच कारणावरून २०१३ मध्ये त्याचा अधिकृत 'राष्ट्रीय सांख्यिकी' दर्जा गेला. तरी कितीतरी जुने करार आणि रोखे त्यालाच बांधलेले राहिले. कागदावर एकदा लिहिलेल्या निर्देशांकाचे नाव पुसणे किती अवघड असते, हे त्यावरून समजते.

समोरचे पर्याय

व्यवस्थापनाचा पहिला प्रस्ताव वरवर पाहता निर्दोष होता. २८० ला २.६४ ने भागले की १०६.०६ येतात, तो नवा पाया धरू आणि पुढे प्रत्येक अंकाला आहे तोच दर देऊ. १२०.६ मधून १०६.०६ वजा केले की १४.५४ अंक. पूर्वी ३७ अंकांचा भत्ता मिळत होता, आता साडेचौदा. अधिकाऱ्याने हे प्रामाणिकपणे मांडले होते, फसवण्याचा हेतू मला दिसला नाही. त्याने पाया बदलला, दर बदलायचा राहून गेला. नव्या मालिकेचा एक अंक जुन्या मालिकेच्या २.६४ अंकांएवढा आहे. म्हणून दरही २.६४ पट करायला हवा. १४.५४ गुणिले २.६४ केले की सुमारे ३८.४ येतात. १२०.६ ला आधी २.६४ ने गुणून मग २८० वजा केले तरी तेवढेच. दोन्ही वाटांनी उत्तर तेच.

हे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिले. अधिकाऱ्याने खडू घेऊन स्वतः गुणाकार केला आणि आपला प्रस्ताव मागे घेतला.

संघटनेचा प्रस्ताव जास्त विचार करायला लावणारा होता. त्यांच्यातल्या एका तरुण प्रतिनिधीने दोन्ही मालिका एकत्र चालू होत्या त्या वर्षाचे आकडे जमवले होते. शेवटच्या महिन्यात जुना निर्देशांक ३१८ होता आणि नवा ११९.६. भागाकार २.६५९. त्याचे म्हणणे होते की जिथे जोड द्यायची तिथलेच प्रमाण घ्या. १२०.६ ला २.६५९ ने गुणले की जवळजवळ ३२१ येतात, म्हणजे ४१ अंक. जाहीर गुणकाने ३८. शिवाय त्या महिन्याच्या ११९.६ ला २.६४ ने गुणले तर ३१५.७ येतात, जुन्या मालिकेने मात्र ३१८ दाखवले होते. "जोडतानाच आमचे सव्वादोन अंक गेले," तो म्हणाला. त्याचे गणित बरोबर होते.

दोन गुणक का येतात? दोन टोपल्या वेगळ्या आहेत, म्हणून त्यांच्यातले प्रमाण दर महिन्याला थोडे हलते. ज्या गटाच्या किमती ऋतूप्रमाणे चढतात-उतरतात त्याचा भार जुन्या टोपलीत जास्त होता. शेवटचा महिना नेमका त्या चढाचा निघाला. सांख्यिकी कार्यालयाने पूर्ण बारा महिन्यांच्या सरासरीतून गुणक काढला होता, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही त्यात आले. आम्ही बाराही महिने मांडून पाहिले. काही महिन्यांत नव्या आकड्याला २.६४ ने गुणून येणारा आकडा जुन्यापेक्षा जास्त होता, काहींत कमी. सहा महिन्यांपूर्वी जोड दिली असती तर त्याच पद्धतीने गुणक २.६४ च्या खाली आला असता, आणि तेव्हा एका महिन्याच्या प्रमाणाची मागणी व्यवस्थापनाने केली असती. बारा महिन्यांचा तो तक्ता पाहून तरुण प्रतिनिधीने बराच वेळ काही बोलणे टाळले. मग त्याने विचारले, "मग या महिन्यात जो खड्डा पडतो त्याचे काय?" प्रश्न योग्य होता आणि त्याला उत्तर द्यावे लागले.

तिसरा पर्याय जुनी मालिका आपणच पुढे चालवण्याचा. जुन्या भारांनी नव्या किमती जोडून काढायच्या. एका ज्येष्ठ सभासदाला तो पसंत होता. पण कारखान्याला जुन्या टोपलीतल्या सगळ्या वस्तूंच्या किमती कुठून मिळणार? तो पर्याय पाच मिनिटांत मागे पडला.

काय ठरले

जाहीर गुणक २.६४ घ्यायचा. कारण एकच : तो तिसऱ्याने, हा वाद सुरू होण्याआधी, सर्वांसाठी काढला होता. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची भारतातली मालिका सप्टेंबर २०२० पासून २००१ ऐवजी २०१६ या पायाभूत वर्षावर आली, तेव्हाही २.८८ हा गुणक जाहीर झाला आणि करार त्यावरूनच जोडले गेले. प्रत्येक कारखान्याने आपला महिना निवडला असता तर एकाच निर्देशांकाचे शेकडो निर्देशांक झाले असते.

खड्ड्यासाठी संरक्षण ठेवले. जोडणीच्या पहिल्या दोन तिमाहींत भत्ता जुन्या मालिकेच्या शेवटच्या तिमाहीपेक्षा, म्हणजे ३७ अंकांपेक्षा, कमी होणार नाही. प्रत्यक्षात ते वापरावे लागले नाही, पण त्यावाचून सह्या झाल्या नसत्या.

पूर्णांकाचा मुद्दा छोटा होता, तरी पैशाचा होता. जुनी मालिका पूर्णांकात यायची, नवी एका दशांशात येते. १२०.६ चे आधी १२१ केले आणि मग गुणले तर ३१९.४४ येतात, म्हणजे ३९ अंक. आधी गुणले आणि मग पूर्णांक केला तर ३१८.३८, म्हणजे ३८. ठरले असे की आधी सरासरी, मग गुणाकार, पूर्णांक सगळ्यात शेवटी. या निर्णयाने त्या तिमाहीत कामगारांचा एक अंक कमी झाला. तरी संघटनेने तो मान्य केला, कारण अर्ध्या अंकाची चूक २.६४ पट होऊन कधी आपल्या बाजूने पडेल आणि कधी विरुद्ध, हे त्यांना कळले होते.

परिणाम, आणि दुसरा धक्का

३८ अंकांनी भत्ता निघाला, उचल वळती झाली, एका अंकाचा फरक पुढच्या पगारात मिळाला. सगळे मिटले असे वाटत असताना सांख्यिकी कार्यालयाने तिसऱ्या महिन्याचा तात्पुरता आकडा सुधारून अंतिम केला : १२१.१ ऐवजी १२१.४. सरासरी १२०.७ झाली, गुणाकार ३१८.६५, पूर्णांकात ३१९. म्हणजे आणखी एक अंक, प्रत्येक कामगाराला, उलटून गेलेल्या तिमाहीचा.

करारात याबद्दल एक शब्द नव्हता. असा शब्द कशाला हवा, असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण अनेक देशांत मुख्य निर्देशांक एकदा जाहीर झाला की सहसा बदलत नाहीत. त्याचे कारणही आमच्यासारखेच करार आहेत. लाखो पगार, पेन्शन आणि भाडी त्या आकड्यावर ठरलेली असतात, मागचा आकडा हलला की सगळ्यांचे हिशेब उघडावे लागतात. २०२५ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाला आढळले की वाहनकराच्या चुकीच्या माहितीमुळे एप्रिलचा महागाई दर ०.१ टक्के-बिंदूने जास्त आला. त्यांनी चूक जाहीर केली, पुढच्या महिन्यापासून माहिती दुरुस्त केली, पण एप्रिलचा आकडा होता तसाच ठेवला. २००० साली अमेरिकेत घरांच्या हिशेबातली चूक सापडली, तेव्हा मात्र जानेवारी ते ऑगस्टचे आकडे दुरुस्त करून पुन्हा दिले गेले. आणि अमेरिकेचाच साखळी पद्धतीचा निर्देशांक मुद्दाम आधी तात्पुरता देतात, कारण त्याला लागणारी खर्चाची ताजी माहिती नंतर हाती येते. म्हणजे आकडा कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे लागते : अंतिम म्हणूनच जन्मलेला, की तात्पुरता म्हणून.

आमचा आकडा तात्पुरता म्हणून जाहीर झाला होता. तेव्हा ठरले की अंतिम आकड्याने होणारा फरक, वरचा असो की खालचा, पुढच्या तिमाहीच्या हिशेबात एकदाच धरायचा, आणि खालचा असेल तर एका महिन्यात एका अंकापेक्षा जास्त वसुली करायची नाही. व्यवस्थापनाला फक्त वरचा फरक देऊन खालचा सोडून द्यायचे मान्य नव्हते, आणि त्यात मला त्यांची बाजू योग्य वाटली. नियम दोन्हीकडे सारखा असेल तरच आकडा सुधारल्याची बातमी कोणी लपवणार नाही.

काय वेगळे करता आले असते

कलम अंकांऐवजी टक्क्यांत असते तर निम्मा वाद झालाच नसता. ३१८.३८ ला २८० ने भागा किंवा १२०.६ ला १०६.०६ ने भागा, दोन्हीकडे १.१३७ येते. टक्क्याला पायाभूत वर्षाशी देणेघेणे नसते, त्यामुळे दराला २.६४ ने गुणण्याचा प्रश्न उठत नाही. अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय करार करणाऱ्यांना हाच सल्ला देते : बदल अंकांत मोजू नका, टक्क्यांत मोजा, आणि निर्देशांकाचे पूर्ण नाव लिहा. अर्थात टक्क्यांत असूनही गुणक कोणता, हा प्रश्न राहिलाच असता. तो कलमातच सोडवायचा असतो, 'मालिका बदलल्यास प्रकाशक संस्थेने जाहीर केलेला गुणक' या एका ओळीने.

पगाराच्या प्रणालीत शून्याच्या अटीऐवजी इशारा हवा होता. भत्ता मागच्या तिमाहीपेक्षा पाच अंकांनी हलला तर माणसाने पाहिल्याशिवाय स्लिप निघू नये. ही दुरुस्ती झाली, एका दुपारचे काम होते.

माझ्याकडूनही एक चूक झाली. पहिल्या बैठकीत मी भारांपासून सुरुवात केली, कारण मला तो भाग महत्त्वाचा वाटत होता. समोरच्यांना ऐकू आले ते इतकेच की नव्या टोपलीत आपला मोठा खर्च कमी धरला आहे. शून्याची स्लिप हातात असलेल्या माणसाला आधी गुणाकार दाखवायला हवा होता. त्यामुळे निदान एक आठवडा जास्त गेला.

नव्या कराराच्या मसुद्यात कलम चार ओळींचे अकरा ओळींचे झाले. मालिकेचे नाव, गुणक, पूर्णांकाची पायरी, तात्पुरता आणि अंतिम आकडा, सगळे आले. एका प्रश्नावर मात्र एकमत झाले नाही : एखाद्या महिन्याचा आकडा जाहीरच झाला नाही तर काय. मसुदा करताना हा प्रश्न काहींना पुस्तकी वाटला. पण सरकारी कामकाज बंद पडल्याने अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ च्या किमती गोळाच झाल्या नाहीत आणि त्या महिन्याचा निर्देशांक निघाला नाही. संघटनेला उरलेल्या दोन महिन्यांची सरासरी हवी आहे, व्यवस्थापनाला आधीच्या महिन्याचा आकडा पुन्हा धरायचा आहे. बाराव्या ओळीची जागा मसुद्यात अजून रिकामी आहे, पुढची बैठक त्याच एका विषयावर ठेवली आहे.